सोमेश्वरची सही

जालन्यात रात्रभर जागायचं म्हटलं की लोकांना दोनच कारणं ठाऊक होती. घरात लग्न, नाहीतर दवाखान्यात कोणीतरी भरती. तिसरं कारण अलीकडं निघालं, ते म्हणजे कलामहोत्सव. जानेवारीतल्या एका शनिवारी अंधार पडल्यापासून रविवारी उजाडेपर्यंत जुन्या मोंढ्यामागच्या मैदानावर गझल, भारूड, कविता, नाटकं, सगळं एका दमात. ऐकणाऱ्याची पाठ मोडली तरी चालेल, पण माइक सकाळपर्यंत बंद पडता कामा नये, असा आयोजकांचा हट्ट. आणि लोक येतात बरं का! शाली गुंडाळून, भजी खात, कवीला नावं ठेवत का होईना, पण बसून राहतात.

मैदानाला लागून कापसाची एक जिनिंग आहे, बारा-पंधरा वर्षांपासून बंद पडलेली. यंत्रं कधीच भंगारात गेली, पण पत्र्याखालच्या लोखंडी कैच्यांवर कापसाची लव अजून चिकटून आहे. त्या शेडमध्ये वारा शिरत नाही, म्हणून रांगोळीची स्पर्धा तिथं. चौघांचा एक गट, वीस बाय वीस फुटांचा चौकोन, रात्री आठ ते सकाळी सहा. दर दोन तासांनी भोंगा वाजणार आणि हजेरीच्या वहीत चौघांनी सह्या करायच्या. एक सही राहिली की गट बाद. मागच्या वर्षी एका गटानं मध्यरात्रीनंतर बाहेरून भाडोत्री कलाकार आणले होते म्हणे, तेव्हापासून हा नियम.

आकांक्षाचा गट शेडच्या अगदी शेवटच्या टोकाला होता. गटप्रमुख वाटूरचा कल्याण. खाजगी शाळेत चित्रकला शिकवायचा आणि तीन वर्षांपासून ही स्पर्धा जिंकायचं डोक्यात घेऊन बसलेला. पहिला येणारा गट पुण्याच्या प्रदर्शनाला जाणार होता, आणि कल्याणला पुणं स्वप्नातसुद्धा दिसायचं. दुसरा हर्ष, रंगांचं दुकान असलेल्या बजरंगलालजींचा नातू. गोण्या भरभरून रंग यायचे ते त्याच्या कृपेनं. तिसरी त्याची चुलत बहीण शिखा, बोलायला फटकळ पण चिमटीतली रांगोळी सोडायला लागली की जालन्यात तिला तोड नाही. आणि चौथी आकांक्षा. गाव आष्टी, नोकरी जालन्यात, बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं करायची. चौघं एकाच वर्गात शिकलेले, एकमेकांच्या डब्यात हात घालणारे.

चित्र ठरलं होतं ज्वारीच्या खळ्याचं. चौकोनाचे दहा बाय दहाचे चार भाग केले: रास कल्याणकडं, झाड आणि आभाळ हर्षकडं, बैलगाडी शिखाकडं. सुपानं उफणणारी बाई आकांक्षाच्या वाट्याला. त्या बाईला ती आपल्या मायचं तोंड देणार होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण खिशात मायचा, नंदाबाईंचा, छोटा फोटो होता.

पावणेआठला नावाची कार्डं घ्यायला ते नोंदणीच्या टेबलापाशी गेले. तिथं तातेराव सर बसलेले. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, कानाला मफलर, आणि कायम कुणीतरी आपल्याला फसवायला निघालंय असा चेहरा.

"कल्याण. हर्ष. शिखा. सोमेश्वर," सरांनी वाचलं आणि चौथं कार्ड आकांक्षापुढं धरलं.

तिनं ते नाव दोनदा वाचलं.

"सर, हे माझं न्हाई."

"मंग कुणाचंय? या गटाला चार आधार जोडलेत. चौथं हे बगा." सरांनी फाइल उलटी फिरवली. झेरॉक्सवर काळपट, डोळे मोठे करून बघणारा सोमेश्वर. तिचा धाकटा भाऊ.

चूक तिचीच होती. महिन्याखाली ती गावी गेली असताना कल्याणनं फोन करून कागद मागितले. लाइट गेलेली. मायच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्या घराचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत असायचे. तिनं अंधारात चाचपून एक आधारची झेरॉक्स काढली, घडी घातली आणि बसच्या ड्रायव्हरजवळ वाटूरला पाठवून दिली. सोमेश्वरला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण नंदाबाईंनी त्याचं काहीसुद्धा रद्द करू दिलं नव्हतं. आधार न्हाई, रेशनकार्डावरचं नाव न्हाई. माणूस गेला तरी कागदावर तो घरात होता.

"सर, नाव बदलून द्या ना. हा माझा भाऊ... तो आता न्हाई."

"यादी वरून आली. यादीत बदल न्हाई. चार नावं, चार सह्या. जमत नसल तर गट बाद करा, मला काय."

कल्याणचा चेहरा पडला. हर्षनं तिला बाजूला ओढलं. "अरे यार, टेन्शन कामून घेतीस? एका रात्रीचा तर सवाल हाये. कोण विचारतंय? सोमेश्वर म्हणून सही ठोक अन् बस कामाला."

"हर्ष, तो माझा भाऊ होता."

"मंग त्याला काय वाईट वाटणारे का? उलट खूश होईल." शिखा म्हणाली, आणि मग स्वतःलाच बरं न वाटल्यासारखं तिनं आकांक्षाच्या खांद्यावर शाल टाकली.

आकांक्षानं पेन घेतलं. आपल्या गोल, शाळकरी अक्षरात तिनं वहीत लिहिलं, सोमेश्वर. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला थोडं बरंसुद्धा वाटलं. तीन वर्षांत ते नाव लिहायची वेळच कुणी येऊ दिली नव्हती.

"चला सोमेश्वरराव!" कल्याण हसून म्हणाला. सगळे हसले, तीही हसली.

तीन वर्षांपूर्वीची ती दिवाळीच्या तोंडावरची रात्र. हेच चौघं जालन्यात रमत बसले, तिची गावाकडची शेवटची गाडी चुकली. मंठ्याच्या बसनं ती वाटूरच्या फाट्यावर उतरली आणि सोमेश्वरला फोन केला. "तू थांब तितंच, अक्का. मी आलोच," म्हणाला. ती थांबली. चहाचं दुकान बंद झालं तरी थांबली. तो आलाच नाही. फाट्याच्या अलीकडं, मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला त्याची मोटारसायकल धडकली होती.

मायनं एकच प्रश्न विचारला होता. "तू थांबली कशाला व्हतीस तितं?" त्यानंतर नंदाबाई तिच्याशी बोलायच्या, भाकरी वाढायच्या, पैसे घ्यायच्या, पण तिचं नाव त्यांनी तीन वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. "अगं" म्हणायच्या, "ए" म्हणायच्या. रोज रात्री नऊला आकांक्षा फोन लावायची. जेवली का? हं. औषध घेतलं का? हं. ठेवू का? हं. एवढंच. आणि तरी ती रोज लावायची, की एखाद दिवशी माय चुकून "आकांक्षा" म्हणेल. ही रांगोळी ती फोटो काढून मायला दाखवणार होती. जगात तिला दुसरं काही नको होतं, पुणंबिणं तर मुळीच नको.

स्पर्धेच्या रात्रीही नऊला तिनं फोन लावला.

"माय, आज रातभर इतंच हाये. रांगोळी."

"हं."

"तुझं चित्र काढू राह्यले."

मग माय म्हणाली, "पोरगं जेवलं का?"

"कोण पोरगं?"

फोन बंद झाला. रेंजचं काहीतरी असेल, असं तिनं मनाला सांगितलं आणि हात पुसून कामाला बसली.

दहाचा भोंगा वाजला. बाहेर मैदानात कुणीतरी गझल आळवत होतं, एकच ओळ पाच पाच वेळा. तातेराव सर वही घेऊन आले. आकांक्षानं सही केली आणि पेन खाली ठेवताना थबकली. 'श्व'ची शेपटी लांब ओढून तिनं खाली मुरड घातली होती. अशी शेपटी ती कधी काढत नव्हती. सोमेश्वर काढायचा. त्याच्या शाळेच्या सगळ्या वह्यांवर तीच शेपटी होती.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "आता बराबर झाली. आठची जरा वेगळीच व्हती."

तिला वाटलं, भावाचा विचार डोक्यात होता, हात गेला असेल तसा. माणसाचा हात काय, मन जाईल तिकडं जातो.

बाराला भोंगा वाजला, सही झाली आणि चौघं चहाला बाहेर गेले. थंडी मजबूत पडलेली. हर्षनं चार चहा सांगितले, तीन हातात वाटले आणि चौथा कप टेबलाच्या कडेवर ठेवून दिला.

"माझा?" आकांक्षानं विचारलं.

"अरे हां," म्हणत त्यानं तो तिच्याकडं सरकवला, पण बघितलं तिच्या डोक्याच्या वर. सोमेश्वर तिच्यापेक्षा वीतभर उंच होता.

"आज हा बोलूच न्हाई राह्यला," कल्याण शिखाला म्हणाला.

"कोण हा? आता पुरे झाली ना मस्करी," आकांक्षा म्हणाली. कुणी हसलं नाही. शिखा चहा फुंकत स्टेजकडं बघत होती आणि तिनं दिलेली शाल आता तिच्याच अंगावर होती. आपल्या खांद्यावरून ती कधी गेली, हे आकांक्षाला आठवेना.

शेडमध्ये परत आल्यावर तिनं चौकोनातला आपला भाग पाहिला आणि जागीच उभी राहिली.

मोठी रांगोळी काढायची एक साधी रीत आहे. आतून सुरुवात करायची आणि भरत भरत मागं सरकत काठाला यायचं, म्हणजे भरलेल्या रंगावर पाय पडत नाही. आकांक्षानं तसंच चालवलं होतं, आतली सुपाची कड आणि बाईचा एक हात एवढंच झालं होतं. आता चारही काठ भरलेले होते. काठाकडून आत, वीत-दीड वीत रुंदीचा पट्टा, भुशाचा पिवळा रंग, त्यात कडब्याच्या रेघा. हात पक्का. तिच्याहून पक्का.

"कल्याण, तू भरलं हे?"

"मी कशाला? मी चहाला व्हतो ना तुमच्यासंगं."

"मंग कुणी?"

"तुमच्यापैकीच कुणीतरी." त्यानं खांदे उडवले. "चांगलं झालंय. बिघडवू नका."

तुमच्यापैकी. नका. पाच वर्षांत कल्याणनं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण तो वळून आपल्या राशीवर वाकला होता.

तिला आठवलं, काठाकडून आत भरत जाणारा एकच माणूस तिला माहीत होता. आष्टीच्या अंगणात दिवाळीला सोमेश्वर असाच काठापासून सुरू करायचा, रंगाच्या नादात आत आत जायचा आणि शेवटी मधोमध दोन पावलांच्या जागेवर अडकून उभा राहायचा. मग ओरडायचा, अक्का, फळी टाक! ती दोन विटांवर फळी टाकायची, तो तोल सांभाळत बाहेर यायचा आणि माय चुलीपुढून हसायची. दरवर्षी तेच. दरवर्षी माय तितकीच हसायची.

आकांक्षा काठाला उकिडवी बसली आणि तिनं ठरवलं, इथून उठायचंच नाही. कोण भरतं ते बघू. बाहेर गझल संपून भारूड सुरू झालं, लोकांनी टाळ्या पिटल्या. तिचे डोळे उघडे होते. मोबाइलवर एक चाळीस झाले होते. मग दोन वाजल्याचा भोंगा झाला. मधल्या वीस मिनिटांचं तिला काहीच सांगता आलं नसतं. झोपली नव्हती, एवढं ती शपथेवर सांगू शकली असती. पण पिवळा पट्टा आणखी हातभर आत गेला होता आणि मायच्या लुगड्याचा हिरवा रंग भरून झाला होता.

सर वही घेऊन आले. आकांक्षा उठली. "सर, मी सही न्हाई करणार. गट बाद करा. मला घरी जायचंय."

सरांनी वही पुढं केली नाही. तिच्याकडं वरून खाली पाहिलं. "तुमची कशाला सही? चौघांच्या झाल्यात."

"दाखवा."

त्यांनी वही दाखवली. दोनच्या रकान्यात चार सह्या. शेवटची सोमेश्वर, मुरड घातलेली शेपटी. शाई ओली होती. आकांक्षानं बोट लावलं तर बोटाला निळं लागलं.

"वहीला हात लावू नका बाई," सर करड्या आवाजात म्हणाले. "प्रेक्षकांनी दोरीच्या भाईर थांबायचं."

"मी प्रेक्षक न्हाई! हर्ष, सांग ना यांना!"

हर्षनं मान वर केली. अनोळखी बाईकडं माणूस बघतो, तसा अडखळत बघत राहिला. "ताई, प्लीज. रंग उडतोय तुमच्या पदरानं."

तिच्या अंगावर पदर नव्हता. ती जीन्समध्ये होती, जाड स्वेटर होता. तरी तिनं खांद्याला हात लावून पाहिलं.

"शिखा! अगं मी! आपण काल सोबत रंग चाळले, तू मला म्हणालीस की..." काय म्हणाली होती ते सांगायला गेली आणि वाक्य पुढं जाईना. काल त्यांनी रंग चाळले होते. पण काल तिथं शिखाबरोबर कोण बसलं होतं? तिला चाळणी दिसत होती, शिखाचे हात दिसत होते आणि समोर सोमेश्वर मांडी घालून बसलेला दिसत होता.

"या बाई मघापासून आपल्याच चौकोनापाशी घुटमळू राह्यल्यात," शिखा कल्याणला म्हणाली, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सरांना सांग."

आकांक्षाला रडू फुटलं. भीती होतीच, पण त्याहून राग जास्त होता. ज्यांच्यासाठी गाडी चुकवली, त्यांनीच आता दोरीबाहेर काढावं! ती दोरी ओलांडून बाहेर आली आणि शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. जाणार नाही, म्हणाली. कुणाला म्हणाली, कुणास ठाऊक.

चारच्या सुमाराला तिघं पाणी प्यायला गेले. शेडच्या त्या टोकाला कुणी उरलं नाही. मैदानातला माइकही नेमका गप्प झाला होता.

तिचा भाग पूर्ण भरला होता. मायचं तोंड झालं होतं. आकांक्षानं कच्च्या आखणीत ते खाली, सुपाकडं बघणारं ठेवलं होतं. आता माय वर बघत होती. हसत होती, अगदी चुलीपुढून हसायची तसं. आणि तिची नजर जिथं लागली होती, तिथं मधोमध दोन पावलांएवढी जागा कोरी होती.

काठापासून कोऱ्या जागेपर्यंत पाच फूट रंग. त्यावर कसलाही ठसा नव्हता.

जो आत गेला, तो बाहेर आलेला नव्हता.

"अक्का."

आवाज मोठा नव्हता. दमलेला होता. आणि त्यात माया नव्हती.

"अक्का, फळी टाक."

फळी खांबापाशीच होती. दोन विटाही होत्या. ही फळी टाकू नये, हे तिला कळत होतं. पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले होते आणि हात आपोआप पुढं जात होते, असलं काही मुळीच नव्हतं. हात तिचेच होते. तीन वर्षं तिनं रोज रात्री मनात त्या फाट्यावर उभं राहून म्हटलं होतं की तो येऊ दे, त्याच्या बदल्यात काय घ्यायचं ते घ्या. आता तो आला होता. न्हाई कसं म्हणायचं?

तिनं वीट ठेवली. फळी टाकली.

फळीचं पलीकडचं टोक दबलं.

मग मधला भाग दबला.

मग तिच्या हाताखालचं टोक.

डिझेलचा आणि ताज्या उसाचा वास आला. तिच्या गालाजवळून कुणीतरी गेलं, आणि जाता जाता कानाशी म्हणालं, "आता तू थांब."

तिघं परत आले ते बोलत, हसत. कल्याणनं चौकोन पाहिला आणि आनंदानं ओरडला. "सोम्या! लेका, कमाल केलीस!" त्यानं हात उंच करून हवेत टाळी दिली. टाळीचा आवाज झाला.

सहाचा भोंगा झाला तेव्हा पत्र्याच्या फटींतून उजेड आला होता. परीक्षक फिरून गेले. तातेराव सरांनी स्वतः येऊन सांगितलं की पहिला नंबर याच गटाचा. हर्षनं शिखाला उचलून गरकन फिरवलं. कल्याण डोळे पुसत होता. फोटो काढताना तिघं उभे राहिले, आणि शिखा व कल्याणच्या मधे एका माणसाची जागा त्यांनी न सांगता सोडली. कल्याणचा हात त्या जागेत खांद्याएवढ्या उंचीवर टेकलेला होता.

आकांक्षा दोरीबाहेरून बघत होती. तिनं एकदा हाक मारून पाहिली. कल्याणनं कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि म्हणाला, "कोण पायजे तुम्हाला?"

"मला आष्टीला जायचंय," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"आम्ही तिकडंच चाललो, याला सोडायला. पण गाडीत जागा न्हाई." पिकअपची पुढची सीट लांबलचक होती आणि मागं सगळी गाडी रिकामी. तो हे तिच्या तोंडावर, डोळे न झुकवता बोलला. मग दार आपटलं आणि गाडी मोंढ्याच्या वळणावरून निघून गेली.

मैदानात सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या. एक कुत्रं भज्यांचे कागद चाटत होतं. आकांक्षानं मोबाइल काढला. मायचा नंबर तिला पाठ होता, तो तरी डोक्यातून गेला नव्हता. तिनं लावला.

दुसऱ्याच रिंगला उचलला.

"हॅलो?" नंदाबाईंचा आवाज. पण कसा! मोकळा, टवटवीत, तीन वर्षांत ऐकला नव्हता तसा. मागं तव्यावर काहीतरी चरचरत होतं.

"माय, मी."

"कोण मी?"

"माय, मी बोलतेय. माय, आईक ना, तो येऊन राह्यलाय तिकडं, त्याला घरात घेऊ नको, मी इतंच हाये, मी..."

"कोण बाई तुम्ही? माझं पोरगं तर येऊनच राह्यलं. आत्ताच त्याचा फोन झाला, पहिला नंबर आला म्हणे. त्याच्यासाठीच धपाटे टाकू राह्यले." नंदाबाई हसल्या. "राँग नंबर लागला असल तुमचा."

"तुला पोरगी हाये ना माय? पोरगी?"

तव्याचा आवाज थांबला. गॅस बंद केला असावा.

"व्हती," नंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वाटूरच्या फाट्यावर गेली ती. तीन वर्सं झाली. भावाची वाट बघत उभी व्हती रस्त्याला, अन् ट्रॉली आली." त्यांनी नाक ओढलं. "आकांक्षा. आकांक्षा नाव व्हतं तिचं. लई गुणाची व्हती माझी आकांक्षा. एक दिवस जात न्हाई तिचं नाव घेतल्याबिगर."

फोन कानाला घट्ट धरून ती नुसती ऐकत राहिली. माय अजून एकदा म्हणेल, म्हणून.

"बाई?" पलीकडून नंदाबाई म्हणाल्या. "हाये का तुम्ही?"

"हं," ती म्हणाली.

"तुमचा आवाज लई तिच्यावानी हाये." गॅस पुन्हा पेटल्याचा आवाज आला. "पुन्ना फोन लावू नका."